इंजिनाला आग्रह

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न इंजिन ऑइलमुळं मोडायच्या बेतात आलं होतं. ज्यांना ही अतिशयोक्ती वाटते, त्यांनी कोल्हापुरात कधी गाडी घेतलेली नाही. किंवा घेतली असेल तर ती घरच्यांना दाखवलेली नाही.

नव्याण्णव साल असेल. मी हायस्कुलात गणित शिकवत होतो आणि एका डॉक्टरांकडून त्यांची जुनी, पांढरी, छोटी गाडी मी विकत घेतली होती. गाडी एवढी छोटी, की आमचे वडील, म्हणजे आबा, पहिल्यांदा आत बसले तेव्हा त्यांनी विचारलं, "हिच्यात बसायचं, का ही अंगात घालायची?" आबा तरुणपणी तालमीत होते. शरीर अजून तालमीतच होतं, फक्त व्यायाम तेवढा सुटला होता. गाडीबरोबर डॉक्टरांनी तिचं माहितीपुस्तकही दिलं. काय, कधी आणि किती घालायचं ते सगळं त्यात छापलेलं. मी ते दोनदा वाचलं आणि पेन्सिलीनं खुणा केल्या. तिथंच माझं चुकलं, कारण पुस्तक वाचून बोलणाऱ्याला आमच्या घरात कुणी माणसात धरत नाही.

त्याच महिन्यात सुनंदाचं, माझ्या बहिणीचं, जमत आलं होतं. मुलगा वारणानगरचा, तिथंच कामाला, मशिनरीच्या मेंटेनन्सवर. ते लोक येऊन मुलगी पसंत करून गेले होते. आता आम्ही रविवारी त्यांचं घर बघायला जायचं आणि तिथंच याद्या करायच्या, म्हणजे कुणी काय द्यायचं-घ्यायचं ते कागदावर लिहून दोन्हीकडच्यांनी सह्या करायच्या, असं ठरलं. मुलाचे वडील अण्णा फार कडक माणूस. "अकराला या," एवढंच म्हणाले होते. पण ते ज्या सुरात म्हणाले, त्यात अकरा-पाचला आलात तर गेट बंद, हे आम्हाला ऐकू आलं होतं. सुनंदाचं आधीचं स्थळ आम्ही दीड तास उशिरा पोचलो म्हणूनच हातातनं गेलं होतं (जीप दुसऱ्याची होती, त्यामुळं तेव्हा शिव्या द्यायला माणूस तरी मिळाला होता).

सुनंदाला मुलगा आवडला होता. तसं ती बोलली नाही, पण दोन दिवस भांडी न आपटता घासत होती. शुक्रवारी ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "दादा, माझ्या रूपामुळं मोडलं तर मी काय म्हणणार न्हाय. माझ्या स्वयंपाकामुळं मोडलं तरी चालंल. पण तुझ्या गाडीमुळं मोडलं तर मी जन्मात तुझ्याशी बोलणार न्हाय."

मला ते लागलं. मी गाडी एकदम ठणठणीत करायची ठरवली. पहिलं काम, ऑइल बदलणे.

पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं : वीस डब्ल्यू चाळीस, पावणेतीन लिटर. विषय संपला! पण मी हे मोठ्यानं वाचलं, आणि ते ऐकायला आबा आणि शंकरमामा दोघंही बसले होते. मामा म्हणजे आईचा भाऊ, गडमुडशिंगीचा. उसाला पाणी पाजायला त्याच्याकडं डिझेल इंजिनाचा पंप होता, त्यामुळं जगातल्या सगळ्या इंजिनांवर तो अधिकारानं बोलायचा.

"डब्ल्यू म्हंजे काय?" आबांनी विचारलं.

"विंटर. थंडीचा नंबर असतो तो."

"आन् मे महिन्यात काय घालायचं?"

"आबा, तेच चालतं. बाराही महिने."

"बघा दाजी," मामा म्हणाला, "थंडीचं तेल बारा महिने! आमच्या पंपाला मी चाळीस नंबर घालतोय. नुसता चाळीस. त्येच्या म्होरं वीस न्हाय आन् डब्ल्यू बी न्हाय. बारा वर्षं झाली, इंजान खोललं न्हाय!"

"मामा, तो पंप आहे. ही पेट्रोल गाडी आहे!"

"इंजान ते इंजानच की! म्हशीला पेंड आन् रेडकाला काय पुस्तक देतोस व्हय?"

शनिवारी उद्यमनगरात ऑइलच्या दुकानात गेलो तर ही दोघं बरोबर. दुकानदारानं विचारलं, "किती पळालीया? धूर मारती काय?" मी म्हटलं, नाही. त्यानं तरीही काउंटरवर सात डबे मांडले. आबांनी प्रत्येक डबा उचलून हलवून कानाशी धरला. मग माझा वीस-चाळीसचा डबा हातात घेऊन म्हणाले, "ह्यो लई पातळ वाजतोय. अंगाला लागणार न्हाय हे." दुकानात आलेल्या एका अनोळखी माणसानंही लगेच मत दिलं, "पावणं, दोन्ही निम्मं-निम्मं मिसळून घाला. एक गाडी पळवतंय, एक इंजान सांभाळतंय." मामानं त्या माणसाशी हात मिळवला! मी गणिताचा शिक्षक, दहा वर्षं पोरांना पायऱ्या लिहायला लावणारा, आणि माझी एक पायरी कुणी मान्य करेना. शेवटी मी ओरडलो, "गाडी माझी हाय! ह्यात पुस्तकात लिहिलंय तेच जाणार! दुसरा एक थेंब कुणी घातला तर याद राखा!"

दुकानदारानं बाकीचे सहा डबे उचलून ठेवले. आबा नुसतं "बरं" म्हणाले. आबांचं "बरं" म्हणजे होकार नव्हे, हे मला पस्तिसाव्या वर्षीसुद्धा कळलेलं नव्हतं.

बाबू मिस्त्रीनं जुनं ऑइल काढलं, नवं मोजून पावणेतीन लिटर घातलं, तेलाची पातळी बघायची पट्टी काढून दाखवली. तेल बरोबर वरच्या खुणेला. मी विजयी वीरासारखा गाडी घरी आणली, दारात लावली, मागच्या चाकाला नेहमीचा दगड लावला आणि चहा पिऊन, केवळ समाधानासाठी, पुन्हा एकदा पट्टी काढून बघितली.

तेल खालच्या खुणेच्याही खाली!

माझा संताप झाला. बाबू मिस्त्रीनं मला फसवलं! डोळ्यांदेखत! आबांना सांगायची सोय नव्हती, ते म्हणाले असते, "बघ तुझं पुस्तक." म्हणून मी गुपचूप पिशवी घेऊन बाहेर पडलो, वीस-चाळीसचा आणखी एक लिटरचा डबा आणला आणि गल्लीत कुणी बघत नाही असं पाहून सगळा ओतला. मग पट्टी वरच्या खुणेला आली. कसं शास्त्रशुद्ध काम झालं, असं मनाशी म्हणत मी निवांत झोपलो.

रविवारी सकाळी साडेनऊला निघालो. पुढं मी आणि आबा, मागं माझी बायको मंगल, मामा आणि पेढ्यांचे बॉक्स. आई सुनंदाजवळ घरी राहिली. सुनंदा दारात उभी होती. ती हसली नाही, नुसतं घड्याळाकडं बोट केलं.

शिरोलीपर्यंत गाडी बरी चालली. मग ती जड झाली. पाय दाबला तरी पळेना, नुसती हुंकार द्यायला लागली. टोपच्या पुढं मी आरशात बघितलं तर मागचा रस्ता दिसेना! पांढरा-निळा धूर, एवढा की मागून येणारा दुधाचा टेम्पो दिवे लावून चालला होता. टेम्पोवाल्यानं आम्हाला गाठलं आणि काच खाली करून विचारलं, "ओ पावणं, गाडी हाय का गुऱ्हाळ?"

वाठारच्या अलीकडं मी गाडी सपाटीला बाजूला घेतली आणि पट्टी काढली. खुणा शोधून सापडेनात. तेल दोन्ही खुणा ओलांडून वर, पार मुठीपर्यंत! इंजिनाच्या सांध्यांतनं तेल गळत होतं. दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

"ह्यात कुणी काय घातलंय?" मी शक्य तितक्या शांतपणे विचारलं. म्हणजे किंचाळलो.

आबा उसाच्या शेताकडं बघायला लागले. मामा फेटा सारखा करत म्हणाला, "म्या न्हाय. म्हंजे... एकच डबा."

"मामा!"

"लेका, तू अंघोळीला गेलतास. म्हटलं भाचीच्या कामाला निघालीया, उपाशी कशाला धाडायची? पंपाचं चांगलं दाट तेल घरनं आणलंतं. एकच लिटर, मर्दा! आपल्याच घरची गाडी!"

"तू बी घातलंस?" आबा एकदम वळून म्हणाले.

त्यातला "बी" मी बरोबर पकडला.

"आबा, तुम्ही पण?"

"मग काय!" आबा माझ्यावरच डाफरले. "तू ते पाण्यासारखं घातलंस! वरनं एक लिटर दाट ओतलं, पोटाला आधार म्हणून. सकाळी सहाला. तू घोरत हुतास."

आता मला सांगा, अशा माणसांना काय बोलायचं? पावण्यानं ताटावर आडवा हात धरला तर त्या हातावर रस्सा ओतणारी ही माणसं! "बास" हा शब्द ह्यांनी आयुष्यात कधी खरा मानलेला नाही. मी अक्षरशः रस्त्यावर उड्या मारल्या. म्हटलं, "पोरीचं वाटोळं केलंत तुम्ही दोघांनी! पुस्तकात छापलेलं कळत न्हाय, सांगितलेलं कळत न्हाय! पावणेतीन लिटरच्या पोटात दोन लिटर जादा!"

मंगल इतका वेळ पेढे मांडीवर धरून बसली होती. ती आता खिडकीतनं म्हणाली, "अहो, काल संध्याकाळी तुम्ही पिशवीतनं काय आणलंत?"

"कुठं काय?"

"मला वाटलं दूध आणलंत. म्हणून मी पिशवी बघितली. रिकामा डबा होता. वीस डब्ल्यू चाळीस लिहिलेला."

आबांनी उसावरनं नजर काढली आणि सावकाश माझ्यावर आणली. मामानं फेटा सोडून दिला.

"तीन झालं," आबा म्हणाले.

जादा तेल सोडायला खालचा बोल्ट काढायला पाना लागतो. पाने घरी होते, कारण पेढ्यांना जागा व्हावी म्हणून मीच ते काढून ठेवले होते. (ह्यावर आबांनी नुसतं पेढ्यांकडं बघितलं. तेही मला बोचलं.) तशीच गाडी हळूहळू हाकली. आबा दर पाच मिनिटांनी "किती वाजलं?" विचारायचे आणि मी दर पाच मिनिटांनी खोटं सांगायचो. मला सारखी सुनंदा दिसत होती, दारात उभी, घड्याळाकडं बोट केलेली. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं होतं. धुराचं असेल म्हणून मी पुसलं नाही.

अकरा वाजून पंचवीस मिनिटांनी आम्ही त्यांच्या गल्लीत शिरलो. धूर आमच्या आधी शिरला होता. शेजारचे दोघं पाण्याच्या बादल्या घेऊन धावत आले, एका बाईनं वाळत घातलेले पापड उचलले. अण्णा गेटात हाताची घडी घालून उभे. मी उतरून नमस्कार केला, पण त्यांनी घडी सोडली नाही. संपलं, असं मला वाटलं.

तेवढ्यात मुलगा बाहेर आला. पांढरा इस्त्रीचा शर्ट. त्यानं काही न विचारता बॉनेट उघडलं, पट्टी काढली, दोन बोटांत तेल चोळलं.

"ऑइल कुठलं?"

"वीस डब्ल्यू चाळीस," मी मान ताठ करून म्हणालो.

"ह्यात पंपाचं बी हाय की."

"हाय," मामा खूश होऊन म्हणाला. "चाळीस नंबर. वळखलंस की रं!"

मुलगा आतनं पाना आणि घमेलं घेऊन आला, पोतं टाकून शर्टासकट गाडीखाली गेला. खालनंच त्यानं मला विचारलं, "काल नवीन ऑइल घातल्यावर पट्टी कुठं बघितली?"

"घरी. दारात."

"तुमच्या दारात चढ हाय. मी बघायला आलतो तवा चाकाला दगड लावलेला हुता. चढावर पट्टी खोटं दाखवती. सपाटीला बघायची असती."

मी त्याच आठवड्यात नववीच्या वर्गाला कोन शिकवला होता. आबांनी माझ्याकडं बघितलंही नाही, एवढी त्यांना माझी कीव आली. घमेल्यात तीन लिटर तेल पडलं. गाडी खोकली, शिंकली आणि हळूहळू धूर कमी झाला. मुलगा बाहेर आला तेव्हा त्याचा शर्ट पुसायच्या फडक्यासारखा झाला होता आणि तो हसत होता. त्याला हसताना बघून अण्णांची घडी सुटली. माझा जीव भांड्यात पडला, सुनंदाला माणूस बरोबर मिळाला होता.

जेवणं झाली. (आग्रह त्यांच्याकडंही होता. मी कुणालाच नाही म्हटलं नाही, तोंडच नव्हतं.) मग याद्यांना बसलो. कागद आला, कुंकू लावलं. आबा सतरंजीवर घाम पुसत बसले होते, कारण आता मागण्या येणार. अण्णांनी घसा साफ केला.

"आम्हाला पोरगी पसंत हाय. सोनंनाणं, भांडीकुंडी काय नको. मानपान नको. आमची मागणी एकच. ती पूर्ण केली तर पुढं बोलू."

आबांचा चेहरा उतरला. मामानं माझा गुडघा धरला. मंगलनं पदर तोंडाला लावला.

"लिहा," अण्णा म्हणाले. "कलम एक. लग्न लागून वऱ्हाड परत येईपर्यंत नवरीच्या थोरल्या भावानं कुठल्याबी गाडीचं बॉनेट उघडायचं न्हाय."

मी काही बोलायच्या आत आबा म्हणाले, "मंजूर!" मामा म्हणाला, "रास्त हाय." माझी स्वतःची बायको म्हणाली, "लग्नापुरतंच कशाला?" आणि अण्णांनी विचार करून "लग्न लागून वऱ्हाड परत येईपर्यंत" एवढं खोडलं.

खाली मुलीकडची सही कुणी करायची म्हणून विचारलं, तर आबांनी पेन माझ्या हातात दिलं. मी सही केली. आधी सगळा मजकूर नीट वाचून.