कॉम्प्युटरमधला ढोलक

मामांची गायन पार्टी होती आणि मी तिच्यात ढोलक वाजवायचो. घाटंजीकडच्या खेड्यांत जयंतीचा कार्यक्रम असला की मामा हार्मोनियमवर आणि त्यांच्या डाव्या हाताला मी. अंतरा संपत आला की मामा नुसतं डावीकडे बघायचे. त्या नजरेवर मी ठेका बदलायचो. शाळेतलं काही माझ्या लक्षात राहिलं नाही, पण ती नजर पाठ होती.

मग कापूस बुडाला आणि शेतकरी जीव देऊ लागले, ती वर्षं आली. ज्या दारातून परवाच तिरडी निघाली, त्या दारात वर्गणी मागायला कोण जाणार? बोलावणी तुटली. बँजोवाला पांढरकवड्याच्या ढाब्यावर लागला, कोरसमधले हैदराबादला गेले. गावं म्हणू लागली, एकच गवई पाठवा, जास्तीचं झेपत नाही. तेव्हा मामांना कुणीतरी सांगितलं की कॉम्प्युटरवर अख्खी पार्टी बसवता येते. अख्खी म्हणजे ढोलकासकट, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. 

"तू चाल संगं," मामा म्हणाले. "मले त्या डब्ब्यातलं काई समजत नाई. कान तुहाच चांगला हाय."

यवतमाळच्या दुकानदाराने दोन सॉफ्टवेअर लावून दाखवली. मामांनी आपली नवी चाल धरली. पहिल्यातला ढोलक पत्र्यावर गारा पडाव्यात तसा वाजला. मामा चाचपडत गायले, दोनदा घसरले. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फारच बरं वाटलं.

दुसऱ्यातल्या ढोलकाला घुमारा होता. मामांनी डोळे मिटले आणि कित्येक महिने बसलेला त्यांचा गळा मोकळा झाला. चाल त्यांनी शेवटपर्यंत म्हटली.

"सांग, कोन्तं घ्याचं?"

पहिलं म्हणालो असतो तर त्यांनी तेच घेतलं असतं, आणि दोन कार्यक्रमांत वैतागून मला हाक मारली असती. जिभेवर आलंही होतं. पण तो गळा ऐकल्यावर माझे कान मलाच फितूर झाले.

"दुसरं."

"काहून?"

"त्याचा ढोलक चांगला हाय, मामा."

मामांनी तेच घेतलं. परतताना एसटीत त्यांनी मला खिडकीची जागा दिली, पाहुण्याला देतात तशी. आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायचा आणि वर नेम चांगला लागला म्हणायचं, हे मलाच जमावं. घाटंजी येईपर्यंत मला रडू आवरत नव्हतं.

पुढच्या जयंतीला मी मंडपात लोकांत बसलो. मामा एकटेच हार्मोनियमवर, डाव्या हाताला स्टुलावर सीडी प्लेअर, त्यात कॉम्प्युटरवर बसवलेली अख्खी पार्टी. गाणं छान चाललं होतं. अंतरा संपत आला आणि मामांनी सवयीने डावीकडे पाहिलं. ठेका बदलला, तो आधीच तसा भरून ठेवलेला होता. मामांची मान मात्र तिकडेच राहिली आणि पुढची ओळ सुटली.

ढोलक त्यांच्यासाठी थांबला नाही. मी थांबलो असतो.