मागच्या गच्चीवरून आलेली तार

आमच्या जुन्या संगणकाला कुणी डबडं म्हटलं की मला राग येतो. धाकटा भाऊ परदेशी जाताना तो मागे ठेवून गेला, आणि आता तोच फोनवर दर आठवड्याला सांगतो की ताई, ते फेकून दे, नवीन घे. मी फेकलेला नाही. त्या संगणकाच्या मोठ्या पडद्यासमोर बसून माझी आई ऐंशीव्या वर्षी पुन्हा बोलायला शिकली. त्यामुळे त्याच्याबद्दल वाकडं बोललेलं मला खपत नाही.

हैदराबादच्या बरकतपुऱ्यातल्या घरात आई आणि मी दोघीच राहतो. मी शाळेत विज्ञान शिकवत असे, आता निवृत्त आहे. गेल्या वर्षी आईला अर्धांगाचा झटका आला. हात सावरला, काठी घेऊन ती घरात चालायलाही लागली, पण शब्द गेले. तिला सगळं कळायचं. बोलायला तोंड उघडायची आणि काहीच यायचं नाही, मग हाताने ‘राहू दे’ अशी खूण करायची. मला ती खूण बघवत नसे.

पुण्याच्या एका स्पीच थेरपिस्टबाई व्हिडिओवर शिकवतात असं कळलं. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, आई दिवसभर कोणाकोणाशी, कुठल्या भाषेत बोलायच्या? मी ठणकावून सांगितलं, “आमच्या घरात मराठीच.” चार पिढ्या हैदराबादेत काढल्या तरी घरात मराठी स्वच्छ हवी, हा आमच्याकडचा जुना तोरा. जेवताना आमच्यापैकी कुणाच्या तोंडून गल्लीतलं ‘हौ’ निघालं तर वडील घास हातात धरून थांबायचे आणि आम्ही ‘हो’ म्हटल्यावरच जेवायचे. त्या बाईंनी लिहून घेतलं : मराठी.

सोमवार ते शुक्रवार, सकाळी अकराला वर्ग. पडद्यावर कंगवा येई, गाय येई, कप येई. आई ओठांची जुळवाजुळव करी. मी शेजारी स्टुलावर बसून मनातल्या मनात तिच्याबरोबर ओठ हलवी. काही महिन्यांत आठ-दहा शब्द आले. बाई म्हणाल्या होत्या की पहिल्या वर्षात जे येईल ते येईल, म्हणून खंड पडू द्यायचा नाही. ते वाक्य मी देवाच्या तसबिरीसारखं मनात टांगून ठेवलं होतं.

आणि एका सोमवारी पडद्याच्या कोपऱ्यात लाल फुली उगवली. संगणकाला विचारलं, काय झालं? त्याने सांगितलं, केबल जोडलेली नाही. मी मागे वाकून पाहिलं. केबल जोडलेली होती. काढली, फुंकर मारली, पुन्हा खट्कन बसवली. तरी त्याचं तेच, केबल जोडलेली नाही. मी त्याला दोन शब्द सुनावले.

फोनवर वर्ग घ्यावा म्हटलं तर आमच्या आतल्या खोलीत रेंज म्हणून येत नाही. आईला हाताला धरून पुढच्या पायरीवर नेलं. उन्हात तिला त्या एवढ्याशा पडद्यावरचं काही दिसेना. ती पाच मिनिटं रस्त्यावरच्या रिक्षा बघत बसली आणि फोन मला परत देऊन टाकला.

मुलांना मी वर्षानुवर्षं शिकवलं होतं की प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तेव्हा वही काढली. पहिला दिवस : संगणक बंद करून चालू केला, फरक नाही. दुसरा दिवस : नेटवर्कच्या सगळ्या सेटिंग्ज मूळपदावर आणल्या, फरक नाही. तिसऱ्या दिवशी इंटरनेटवाल्यांना फोन केला. तिथल्या माणसाने सांगितलं की तुमच्या भागात सगळ्यांचं व्यवस्थित चालू आहे, संगणक फार जुना आहे, त्याचं नेटवर्क कार्ड गेलं असणार. मला ते पटलं, कारण म्हाताऱ्यावर आळ घेणं नेहमीच सोपं असतं. कोठीच्या बाजारात जाऊन नवं कार्ड आणलं, सीपीयू उघडला, आतली धूळ रंगाच्या ब्रशने झाडली आणि कार्ड स्वतः बसवलं. मागच्या भोकाशेजारी जो हिरवा दिवा लागायला हवा, तो लागलाच नाही.

इकडे आई गप्प होत चालली होती. चौथ्या दिवशी मी कप दाखवला. तो शब्द तिला पक्का येत होता. तिने खूप वेळ कपाकडे पाहिलं आणि ‘राहू दे’ची खूण केली. त्या दुपारी मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. रडून झाल्यावर संतापले, तो माझा नेहमीचा क्रम आहे.

शाळेतली माझी एक मैत्रीण तारनाक्याला राहते. तिच्याकडे अशीच तारेची जोडणी होती. म्हटलं, रोगी दुसऱ्या दवाखान्यात नेऊन बघू. रविवारी शेजारच्या सूनबाईंना आईजवळ बसवलं, सीपीयू सोलापुरी चादरीत गुंडाळला आणि मांडीवर घेऊन ऑटोत बसले. ऑटोवाल्याला वाटलं देवाची मूर्ती आहे, त्याने सगळे गतिरोधक जपून पार केले. मैत्रिणीच्या तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या जिन्याने, आम्ही दोघी निवृत्त बायकांनी तो चढवला. तिची केबल लावली आणि हिरवा दिवा लागला. संगणक ठणठणीत होता. म्हणजे मी चोर सोडून संन्याशाला फाशी देत होते.

मग राहिली ती तार. ती आमच्या घरात येते कुठून, हे इतक्या वर्षांत मी कधी पाहिलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर जाऊन तिचा माग काढला. खिडकीतून वर, पाण्याच्या टाकीला वळसा घालून, कठड्यावरून थेट मागच्या घराच्या गच्चीवर. तिथे जिन्याच्या दाराच्या फटीतून ती आत शिरत होती. मी कठड्याला धरून उभी राहिले. सगळ्या गल्लीत नेमकं त्याच घरी मला जायचं नव्हतं.

त्या घरात ज्या राहतात त्यांना मी खाला, म्हणजे मावशी, म्हणते. आई त्यांना आपा म्हणते, त्या आईला भाभी म्हणतात. दोन्ही घरांची मागची दारं समोरासमोर आहेत आणि माझ्या लहानपणापासून दुपारी त्या दारांत या दोघींचं बोलणं चाले. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या शेवग्यावरून केसाळ सुरवंट आमच्या अंगणात पडू लागले. फांद्या छाटा म्हणून मी सांगितलं, जरा चढ्या आवाजात. त्यांनीही चढ्या आवाजात उत्तर दिलं. मग मी कुणाला न सांगता महानगरपालिकेत तक्रार केली. माणसं आली आणि फांद्यांऐवजी अख्खं झाडच बुंध्यापासून कापून गेली. मी खिडकीतून पाहिलं आणि पडदा ओढला. तक्रार कुणाची हे कधी बाहेर आलं नाही. पण त्यानंतर मागचं दार मी लावूनच ठेवलं, आणि आईला सांगितलं की तिकडे जायचं नाही.

आता चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, हिनेच तार उपटली, सूड घेतला. तावातावाने चपला घातल्या आणि त्यांच्या दारात गेले, तर कुलूप. कोपऱ्यावरच्या शिंप्याने सांगितलं की खाला आठ दिवसांपूर्वी, सोमवारी सकाळीच बीदरला नातीकडे गेल्या, नात बाळंत झाली आहे. सोमवार म्हणजे आमच्या पडद्यावर फुली आली तो दिवस. आपल्याकडे गावाला निघताना माणूस गॅस बंद करतो आणि विजेचं मेन बंद करतो. कुणी काही उपटलं नव्हतं.

घरी येऊन आईचा बटणांचा फोन काढला. तिच्या पलंगाशेजारच्या खुर्चीत बसून, पुढच्या खोलीकडे हात लांब करत जरा रेंज मिळवली, स्पीकर लावला आणि नंबर फिरवला. काय बोलायचं ते मी मनात घोकून ठेवलं होतं. त्यातलं काही बोलावं लागलंच नाही. मी नेट बंद आहे एवढं म्हणताच पलीकडून खाला हळहळल्या.

“अल्ला, भाभी का किलास बंद पड़ गया? आठ दिनां से? मैंच मेन बंद करके आई. डब्बे का खयालच नै रहा मेरेकू. माफ करो बेटा, गलती मेरी है.”

त्यांनी पुढे सांगितलं की इंटरनेटवाल्यांचा एक डबा त्यांच्या जिन्यात आहे आणि तो त्यांच्या विजेवर चालतो, तेव्हा घर उघडून फक्त मेन चालू करायचं. मी विचारलं, घर उघडू कशाने? त्यांना माझ्या प्रश्नाचं नवल वाटलं. चावी तर भाभींच्याच जवळ आहे, त्या म्हणाल्या, कित्येक वर्षं झाली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी झाड कापायला लावलं, दार बंद केलं, आणि तीन वर्षं त्यांच्या घराची चावी आमच्याच घरात होती. त्यांनी ती परत मागितली नव्हती.

“भाभी, चाबी है ना तुमारे पास?” फोनमधून खालांनी मोठ्याने विचारलं.

आई पलंगावर ताठ बसली होती. आवाज ऐकल्यापासून तिची नजर फोनवरून हलली नव्हती.

“हौ आपा,” ती म्हणाली. “मेरे पासच है. देती मैं.”

झटका आल्यापासूनचं तिचं ते पहिलं पूर्ण वाक्य. अडखळत, पण अख्खं. आई काठी घेऊन उठली, देवघराच्या खणात कापराच्या डबीमागे हात घातला आणि काळ्या दोऱ्यात ओवलेली चावी काढून माझ्या हातावर ठेवली. फोनमध्ये खाला बोलतच होत्या, पणतू झाला, गोरा आहे, रात्रभर रडतो. आई तिथूनच ‘हौ, हौ’ म्हणत होती.

पुण्याच्या बाईंना मी काय सांगितलं होतं ते मला तेव्हा आठवलं. घरात मराठीच. पण आईचं निम्मं आयुष्य घरात नाही, मागच्या दारात गेलं होतं, दख्खनी उर्दूत. ती अर्धी आई मी त्यांना सांगितलीच नव्हती, कारण मला ती मोजण्यासारखी वाटली नव्हती.

आम्ही दोघी मिळून गेलो. आई थांबायला तयार नव्हती. त्या घरात मेन कुठे आहे हे तिला ठाऊक होतं, तिने काठीने दाखवलं. ते चालू केलं आणि जिना चढून मी एकटी वर गेले. वरच्या पायरीशी भिंतीवर तो डबा होता. त्यात पाच-सहा तारांची जागा होती, पण तार एकच होती, आमची. बाकी सगळे केव्हाच नव्या जोडणीवर गेले होते. म्हणून तर भागात सगळ्यांचं चालू होतं. डब्याची पिन भिंतीतल्या प्लगमध्ये होती आणि त्या प्लगच्या बटणावर काळी चिकटपट्टी लावलेली होती, कुणी चुकून बंद करू नये म्हणून. पट्टी एक नव्हती. जुनी सुटली तशी तिच्यावर नवी, असे तीन-चार थर होते. मी त्या पायरीवर बसले. डब्यावरचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

त्या दिवशी अकराचा वर्ग बारा वाजता झाला. मी पुण्याच्या बाईंना सगळं खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, त्या शेजारीणबाईंना रोज अर्धा तास वर्गात बसवता येईल का बघा.

खाला पुढच्या आठवड्यात आल्या. मी मागचं दार उघडलं, त्याची कडी गंजली होती, हातोडीने ठोकावी लागली. आई आणि त्या पलंगावर शेजारी शेजारी बसल्या. मी चहा ठेवला आणि कप हातात देताना एकदाचं बोलून टाकलं, “खाला, शेवगा मी कापायला लावला. तक्रार माझी होती.”

“मालूम था,” त्या म्हणाल्या. “उसीच दिन मालूम था.”

मग डबा का चालू ठेवलात, मी विचारलं. बटणावर पट्टी का लावलीत? त्यांनी चहाचा घोट घेतला. राग आला होता, खूप आला होता, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. पट्टी पहिल्यांदा लावली ती सुट्टीत येणारी मुलं बटणं दाबतात म्हणून. नंतर आईला झटका आल्याचं कळलं. भेटायला यावं म्हणून दोनदा मागच्या दारापर्यंत आल्या आणि कडी बघून परत गेल्या. पण त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून सकाळचा वर्ग ऐकू येई.

“रोज ग्यारा बजे मैं काम छोड़के खिड़की में खड़ी रहती थी,” त्या म्हणाल्या. “भाभी पैला लफ्ज बोले ना, उस दिन तवे पे रोटी जल गई मेरी. मैं रो रई थी.”

तो दिवस मला चांगला आठवतो. आईच्या तोंडून पहिला शब्द आला तेव्हा मी घरभर फिरले होते, पुढच्या दारात जाऊन उभी राहिले होते आणि परत आत आले होते, कारण हे धावत जाऊन सांगावं असं या गल्लीत आपलं कुणी नाही, असं मला वाटलं होतं.