स्टेजजवळची सतरंजी

भर उन्हाळ्यात उघड्या पटांगणावर तीन दिवस गाणी ऐकत बसणं म्हणजे काय, हे पंख्याखाली बसून कॅसेट लावणाऱ्याला सांगून कळायचं नाही. वैशाखी पौर्णिमा आणि तिच्या आधीचे दोन दिवस, शिरोळ तालुक्यात माझ्या मामाच्या गावी बुद्धविहारासमोर गायनाचे कार्यक्रम व्हायचे. लांबलांबच्या गायन पार्ट्या यायच्या. बुडाखाली तापलेली जमीन, चहूबाजूंनी ऊस, आणि उसाला पाजलेल्या पाण्यावर पोसलेले डास. वारा औषधाला नाही. तरी नव्वदच्या आसपास सुरुवात करून पुढची पंधरा-सोळा वर्षं आम्ही तिघं मित्र तिथं नेमानं बसलो. हौस म्हणाल तर पहिली चार-पाच वर्षं होती. नंतर मी फक्त जॉबरसाठी जायचो.

जॉबर म्हणजे इचलकरंजीतल्या यंत्रमागाच्या कारखान्यात माग जोडणारा आणि बिघडला की दुरुस्त करणारा माणूस. दुसरा एसटीत कंडक्टर. तिसरा मी, कागलकडच्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षक. मामाकडे राहून शिकलो, त्यामुळे तिघं एका वर्गात होतो. नोकऱ्या लागल्यावर नावं मागं पडली आणि आम्ही एकमेकांना धंद्यानंच हाका मारू लागलो. मी मास्तर झालो तो कायमचा.

गाणं आम्हाला जॉबरनं लावलं. त्याचं घर गावातल्या शेतकऱ्यांच्या गल्लीत. पोरगं आमच्या वस्तीत जाऊन गाणी ऐकतंय म्हणून घरचे सुरुवातीला कुरकुरायचे. त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं असायचं, "तुमच्या जत्रंत असा गाणारा आणा, मग बसतो की घरात!" स्वतः त्यानं कधी दोन ओळी गायल्या नाहीत, पण ऐकायचा मात्र जीव ओतून. गायक कुठं श्वास घेणार, कुठली ओळ परत फिरवून घेणार, हे त्याला आधीच कळायचं. मांडीवर थाप मारून म्हणायचा, "आता गप बसा. आता खरं येणार हाय." आणि यायचंच. मला सूर-ताल यातलं काही कळत नव्हतं, अजूनही कळत नाही. कुठं कान द्यायचा ते मी त्याच्या चेहऱ्यावरून ठरवायचो.

त्या काळात आम्ही सगळ्यांत मागे, चहाच्या गाड्यालगतच्या लिंबाखाली बसायचो. जॉबरचं म्हणणं, आवाज तिथं गोळा होऊन येतो. पुढं बसणाऱ्यांना तो हसायचा. "ही माणसं गाणं ऐकाय न्हाय, गायकाचं दात मोजाय बसल्यात," म्हणायचा.

पुढं काय झालं कळलं नाही, पण दरसाल आमची सतरंजी थोडी थोडी पुढं सरकू लागली. एका साली लिंब सोडला, दुसऱ्या साली मधल्या खांबापाशी आलो. शेवटी एकदम स्टेजला लागून, बरोबर मध्ये. तिथं दोन्ही बाजूला माणसाच्या उंचीचे साउंडबॉक्स. ढोलकीची थाप पडली की पोटातलं पाणी हलायचं. तिसऱ्या दिवशी घरी गेल्यावर बायको काय म्हणते ते मला दोन दिवस ऐकू यायचं नाही. कंडक्टर म्हणायचा, "ह्यात एक फायदा हाय बघ मास्तर!"

त्यातच रात्री दहानंतर माईक बंद करायचा कायदा आला. पूर्वी दिवस मावळल्यावर सुरू होऊन कोंबडं आरवेपर्यंत चालणारी गाणी आता दुपारी चारलाच सुरू व्हायला लागली. वर कापडी मांडव आला, पण तो ऊन अडवण्यापेक्षा उकाडा कोंडण्याचंच काम करायचा. पुढची जागा हवी तर दुपारच्या जेवणानंतर लगेच सतरंजी टाकून कुणीतरी राखत बसायचं. ते कुणीतरी म्हणजे मी. कारण मास्तराला सुट्टी असते! मे महिन्यात मास्तर निकालपत्रकं भरतो, घरोघरी फिरून नव्या वर्षाची पोरं गोळा करतो, सरकारनं सांगितलं तर माणसं, म्हशी, जे म्हणतील ते मोजतो, हे कुणाच्या गावीही नसतं. मला साखरेचा त्रास सुरू झाला होता, गुडघे बोलायला लागले होते. सुट्टीत चार दिवस अंग टाकावं म्हटलं की जॉबरचा फोन यायचा. "पौर्णिमा आली. ये." मी काही बोलायच्या आत ठेवूनही द्यायचा. तो त्याचा हेकेखोरपणा आहे असं मला कितीतरी दिवस वाटत होतं.

पहिली शंका आली ती बक्षिसावरून. गाण्यात एखादी जागा मनापासून आवडली की ऐकणारा उठून गायकाच्या हातात नोट देतो आणि त्याचं नाव माईकवरून पुकारलं जातं. जॉबर वर्षातून एकदाच उठायचा, पण असा नेमक्या जागी उठायचा की पार्टीवाले खुश होऊन ती ओळ पुन्हा घ्यायचे. त्या वर्षी तो उठला तेव्हा गायक गात नव्हता. रस्त्यात आडवी लावलेली मोटारसायकल कुणाची आहे, ती बाजूला घ्या, असं सांगत होता. कंडक्टर हसून लोळायचा बाकी राहिला. जॉबरही हसला, पण आमच्यापेक्षा जरा उशिरा.

मग माझ्या एकेक गोष्ट ध्यानात येऊ लागली. गायकानं माईक तोंडाला टेकवला की हा चिडायचा, "तोंडात घालून गायलंय बघ बेणं!" गायक कोरसवाल्यांकडे वळला की हा मान लांब करायचा. मला त्याचा कारखाना आठवला. एकदा मी तिथं गेलो होतो. चाळीस मागांचा तो खडखडाट, सूत नेणारे धोटे इकडून तिकडं आपटतायत, शेजाऱ्याची हाक शेजाऱ्याला पोचत नव्हती. आणि जॉबर चार माग पलीकडच्या कामगाराशी निवांत गप्पा मारत होता. आवाज न काढता, नुसत्या ओठांनी. मागावरची सगळीच माणसं अशी बोलतात. तेव्हा मला ती जादू वाटली होती. वीस वर्षं त्या खडखडाटात काढून त्याचे कान अधू झाले होते, आणि समोरच्याचे ओठ वाचायची सवय इतकी मुरली होती की ते कुणाला कळलंच नाही. पुढची जागा त्याला ऐकायला नको होती. बघायला हवी होती.

त्याच्या बायकोला अर्थातच ठाऊक होतं. वहिनी मला एकदा दाराशी गाठून म्हणाल्या, "भावजी, डॉक्टरनं मशीन दिलंय कानाचं. ते डब्यात घालून ठिवल्यात. घाला म्हणलं की अंगावर धावून येत्यात. तुमी सांगा की त्यास्नी." मी विषय काढायला गेलो. त्यानं पुरतं बोलूही दिलं नाही. "मशीननं सगळा गलका ऐकू येतोय, गाणं न्हाय. आणि एक ध्यानात ठेव. ज्या दिवशी मला गाणं ऐकू यायचं बंद हुईल, त्या दिवसापास्नं मी तिथं पाय ठिवणार न्हाय. उगं माणसांत बसून मान हलवायची नाटकं मला जमत न्हाईत." म्हणजे तुला ऐकू येत नाही, एवढं मी नुसतं तोंडावर म्हणायचा अवकाश, आमचं जाणं संपलं असतं. माझे तीन दिवस वाचले असते. तरी म्हणवलं नाही.

शेवटच्या वर्षी आम्ही दोघंच गेलो. कंडक्टरची कंबर धरली होती. "तुमी जावा, मी हितनंच वाह वाह म्हणतो," असं फोनवर सांगून तो सुटला. त्याचा मला मनापासून हेवा वाटला. मी मात्र निघतानाच ठरवलं होतं, यंदा सांगून टाकायचं. कानांचं नाही, माझं. माझ्यानं आता होत नाही, पुढच्या वर्षी मी यायचा नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मांडवात आम्ही दोघं आणि पलीकडे लेकराला थोपटत बसलेली एक बाई, एवढीच माणसं होती. जॉबर स्टेजकडे तोंड करून शेंगा फोडत होता. मी त्याच्या मागं खांबाला टेकून बसलो होतो. तोंडावर सांगायचं धाडस नव्हतं, पाठ दिसत होती म्हणून बोललो. "हे बघ, मी आता दमलो. पुढच्या सालापासून मी यायचा नाही."

तो शेंगा फोडत राहिला.

मला वाटलं रागावला. जरा मोठ्यानं म्हणालो, "ऐकलंस का? मी यायचा नाही." पलीकडच्या बाईनं वळून माझ्याकडे पाहिलं. लेकरू चाळवलं. दोन हातांवर बसलेला माझा मित्र मात्र हलला नाही. कान कमी झालेत हे मला माहीत होतं. इतके गेलेत हे माहीत नव्हतं.

थोड्या वेळानं तो वळला आणि सोललेले दाणे माझ्यापुढं धरले. "घे. खवट हाईत, पर खा." त्याची नजर माझ्या डोळ्यांवर नव्हती, ओठांवर होती. म्हणजे जे सांगायचं ते आता सांगितलं असतं तर त्याला अक्षर न अक्षर कळलं असतं. मी म्हणालो, "पाणी आहे का?"

दिवस मावळून अंधार पडल्यावर त्याचा आवडता गायक स्टेजवर आला. आम्ही पहिल्या वर्षी ऐकला तेव्हा काळ्या केसांचा होता, आता पार पिकला होता. दुसरं कडवं चालू असताना लाईट गेली. लोडशेडिंगला पौर्णिमा काय आणि अमावास्या काय! जनरेटर दोनदा खोकला आणि गप्प झाला. बाहेर चांदणं पडायला लागलं होतं, पण मांडवाच्या कापडाखाली मिट्ट काळोख. शिट्ट्या झाल्या, पोरं ओरडली. तेवढ्यात म्हातारा स्टेजच्या कडेला येऊन बसला, ढोलकीवाल्याला हळू वाजव म्हणाला आणि बिनमाईकचा गायला लागला.

इतक्या वर्षांत त्याचा नुसता आवाज मी प्रथमच ऐकत होतो. बायांनी लेकरांच्या तोंडावर हात ठेवले. शेकडो माणसं बसलेली, पण कुणी खोकलंही नाही. गुडघे, साखर, निकालपत्रकं, सगळं मी विसरलो. मला गाण्यातलं काही कळत नाही असं म्हणणारा मी, माझे डोळे भरून आले.

आणि त्या शांततेत जॉबरचा आवाज उठला, कारखान्यात बोलावं तसा. "काय झालं? थांबला का त्यो?"

मागून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "ओ पावणं, गप बसा की!" ते त्याला कुठलं ऐकू यायला! त्याचा हात अंधारात माझा गुडघा चाचपत होता. "मास्तर, चालू हाय का रं? चालू हाय का बंद?"

बंद आहे, असं सांगणं सोपं होतं. लाईट येईपर्यंत तो मुकाट बसला असता, त्याला काही कळलं नसतं. पण बाजूला ते गाणं चाललेलं असताना माझ्यानं ते खोटं बोलवेना. गावाकडं येताना पिशवीत बॅटरी असतेच. ती काढून मी हनुवटीखाली धरली, उजेड माझ्याच तोंडावर पाडला आणि आवाज न काढता म्हणालो, "चालू आहे. माईक नाही. नुसता गातोय."

तो बघत राहिला. मग मान खाली घातली. आता हा उठणार, चपला शोधणार आणि चालू लागणार, याची मी वाट बघत होतो. शब्दाचा पक्का माणूस. पण तो उठला नाही. बसल्या जागी फिरला, स्टेजकडे पाठ केली आणि माझ्यासमोर मांडी घालून बसला.

मग मला दुसरं काही सुचलं नाही. म्हातारा जी ओळ गाई ती मी त्याच्यामागून ओठांनी म्हणू लागलो. जिथं तो लांबवी तिथं मी तोंड उघडं ठेवून थांबे. ओळ फिरवून घेतली की मीही फिरवून घेई. आजूबाजूची माणसं बघत होती. पन्नाशीला आलेला शाळामास्तर बॅटरी लावून तोंडं वेडीवाकडी करतोय. कुणी हसलंही. जॉबर मात्र हसत नव्हता. डोळे बारीक करून माझ्या ओठांकडे बघत होता आणि मांडीवर बोट चालवत होता. बोट तालात होतं.

कडवं संपल्यावर तो म्हणाला, या खेपेला अगदी हळू, "लेका मास्तर, मला ऐकू येत न्हाय, तरीबी कळतंय. बेसूर हाईस."

ऐकू येत नाही हे त्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होतो. माझा हात दमला होता, उजेड हलत होता. त्यानं बॅटरी माझ्या हातातून काढून घेतली, दोन्ही हातांनी माझ्या तोंडावर नीट धरली आणि म्हणाला,

"हं. पुढं."