पिठाची बोट

मी माझ्या बापाला तोफ चालवायला लावली आणि त्यांच्या मित्राला शत्रूच्या गोळ्यानं मारलं. दोन्ही खोटं. गावी राहिलेल्यांना आणि माझ्यासारखं गाव सोडून आलेल्यांना हे सांगतोय. इथे येऊन थोड्या थापा सगळेच मारतात. माझी थाप किळसवाणी झाली.

मालवणहून निघालो तेव्हा एसटी स्टँडवर बाबांनी तळलेल्या बांगड्यांचा डबा हातात दिला होता. त्यांनीच तळलेले. बाबा बोटीवर भंडारी होते, म्हणजे स्वयंपाकी. गोरेगावला खोलीतल्या पोरांनी डबा चाटूनपुसून खाल्ला. "कोणी बनवले रे?" मी म्हणालो, "आईनं. वडील नेव्हीत होते."

खरी हकीकत अशी. बोट मालवाहू. एकाहत्तरच्या युद्धात नौदलानं ती घेतली, राखाडी रंग फासला, पुढे एक तोफ बसवली. ती कधी उडालीच नाही. बोटीनं पीठ, कांबळी, डिझेलची पिंपं वाहिली. एका बंदरात माल उतरवताना क्रेनचा दोर तुटला आणि आमच्याच वाडीतला भिवा खलाशी पिठाच्या पोत्यांखाली गेला. त्याच्या नाकातोंडातलं पीठ बाबांनी बोटानं काढलं. युद्धानंतर बोट पुन्हा गहू वाहू लागली आणि म्हातारी झाल्यावर मुंबईत दारुखान्याला, जुन्या बोटी मोडतात त्या धक्क्यावर, तोडली गेली.

आई गेल्यावर बाबांना मुंबईत दिंडोशीला माझ्या फ्लॅटवर आणलं. सोसायटीच्या सेक्रेटरीला मी तीच जुनी थाप ऐकवली. तो म्हणाला, "अरे यार, आधी नाही बोलायचं? घरात वॉर हिरो, आणि आपण झेंड्याला दरवर्षी त्या बिल्डरला बोलावतो." मग मी बोटीचा इतिहासच रचून दिला. पंधरा ऑगस्टला बॅनरवर बाबा, डोक्यावर कॉम्प्युटरनं चिकटवलेली टोपी, मागे धूर. माईकवर 'शहीद भिवा'. टाळ्या वाजवणाऱ्यांच्या बोटांना वड्याचं तेल. मीही वाजवत होतो.

वर आल्यावर बाबांनी हार काढून चपलांच्या कपाटावर टाकला.

"भिवा पिठाखाली गेलो. तू तेका तोफेन मारलंस?"

"बाबा, लोकांना बरं वाटतं ना."

"पीठ वायट होता? तुम्ही खाल्लास नाय ता?"

मग एवढंच, "गणपती झाले की माका घराक पोचव." गावचं घर बंद, छप्पर बसलेलं. ऐंशीचा माणूस तिथे एकटा काय करणार? पण ते पिशवी भरू लागले. घर म्हणजे मागे सोडलेली ती वाडी, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. बाप ज्या घरात त्या दिवसापासून माझ्या हातचं पाणी घेत नव्हता, ते दिंडोशीतलं घर तरी कुठे माझं होतं?

गणपतीत सेक्रेटरी म्हणाला, "तू कोकणातला ना, गाऱ्हाणं तूच घाल." आमच्याकडे एकानं देवापुढे मोठ्यानं मागणं मांडायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय महाराजा' म्हणायचं. बाबा शेवटच्या खुर्चीत बसले होते. मी सगळ्यांसाठी सुखशांती मागितली, होकार दणक्यात आले. मग म्हणालो,

"बा देवा महाराजा, माझ्या बापाशीन बोटीर जेवाण रांधल्यान, तोफ कधी धरूक नाय. भिवा पिठाच्या पोत्यांखाली मेलो. ह्या लोकांका मी खोटा सांगितलंय. भिवाची, बापाशीची माफी मागतंय, महाराजा."

सेक्रेटरी मोबाईलकडे बघत राहिला. मग मागून बाबांचा घोगरा आवाज आला, "व्हय महाराजा."