शाल घेतली, अनुमोदन दिलं नाही

गावाकडची भाकरी खायला चाललेय, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. कॅनडात मी पॅकिंगची मशिनं सांभाळणारी इंजिनिअर आहे. माझा तिथला कामाचा परवाना संपत आलाय, आणि तो वाढवायचा तर कंपनीला माझ्या जागेची जाहिरात आधी तिथल्या नागरिकांसाठी द्यावी लागते. चालण्यासारखं कुणी मिळालं की मी बाहेर. ती जाहिरात लागली आणि मी रजा टाकून जालन्याला आईकडे आले. कॅनडात नखं कुरतडत बसण्यापेक्षा हे बरं.

जालन्याहून सकाळचीच एसटी पकडा. बायकांना अर्धं तिकीट आहे, पुरुषांनी जळू नये. अंबडच्या स्टँडवर गरम भजी मिळाली. टेकडीवरच्या मत्स्योदरी देवीला खालूनच हात जोडले, कारण वर चढले असते तर गाडी गेली असती. घनसावंगीपासून आमच्या गावाला जीप. तिच्यात मागच्या बाकावर बसू नका, माझी कंबर अजून कुरकुरतेय. दोन्हीकडे ऊस आणि कापूस, मध्ये नुसती धूळ.

शेजारच्या बाईंनी विचारलं, "कोणाच्या म्हणायच्या तुम्ही?"

"दत्ताकाकांची पुतणी."

"मंग तुमचाच सत्कार हाय की आज!"

मला पत्ताच नव्हता.

देवळापुढे मंडप घातलेला. फेटा, शाल, नारळ, सगळं झालं. काका माइकवर म्हणाले, "आमची पोर गोऱ्या लोकाईच्या बराबरीनं काम करून राह्यली. गावाचं नाव काढलं तिनं!" टाळ्या पडल्या. खरं सांगते, डोळे भरून आले.

लगेच पुढचा विषय निघाला. गावाजवळच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, बाहेरच्या माणसांना काम द्यायचं नाही, असा ठराव. रोख होता बिहारहून आलेल्या बिरजू फिटरवर. तो मंडपातच होता, नारळ फोडायलाही त्यालाच बोलावलं होतं. त्याची जागा काकांना त्यांच्या पोरासाठी, गणेशसाठी हवी होती. गणेशचं आयटीआय झालंय.

"ठरावाला अनुमोदन आपली कॅनडावाली देईल," म्हणत काकांनी माइक माझ्या हातात दिला.

म्हणजे परक्या देशात जाऊन काम मिळवलं म्हणून माझा सत्कार, आणि परक्या माणसाला कामावरून काढायला माझीच सही! डोकं सणकलं.

"मी अनुमोदन देणार नाही," मी म्हणाले.

"काऊन?"

"काका, तिकडे मी म्हणजे बिरजूच. तिथेही कुणाचे तरी काका म्हणत असतील, हिला काढा आणि आमच्या पोराला घ्या."

"अगं, आपल्या पोराईचं आधी पाहावं लागंल का न्हाई?"

"पाहा की. दोघांना एकाच मशिनीसमोर उभं करा. गणेश सरस ठरला तर पेढे मी वाटीन. पण तो माझा चुलत भाऊ आहे म्हणून बिरजूच्या पोटावर पाय देणार नाही."

मागून कुणीतरी ओरडलं, "शाल परत घ्या मंग!" मी ती आणखी घट्ट गुंडाळली. कामाच्या जोरावर मिळवलेली शाल परत का द्यायची?

ठराव पुढच्या बैठकीवर गेला. काका माझ्या पंगतीला बसले नाहीत. काकूनं मात्र पिठल्यावर न मागता तेल सोडलं आणि म्हणाली, "खाय, बोलून दमलीस."

जालन्याला परतले आणि दोन दिवसांत कंपनीचा मेल आला. तिथला एक उमेदवार मिळाला होता. मी साहेबांना विचारलं, तो माझ्यापेक्षा चांगला आहे का? उत्तर आलं, ते बघायची नियमात गरज नाही, नेमून दिलेल्या अटींत तो बसतो. मी रडले. मग राग आला, तो अजून गेलेला नाही.

आईकडून बातमी काकांपर्यंत गेलीच. फोन आला. आवाज मऊ होता. "काढलं ना तुला? बघ, जो तो आपल्या माणसाचंच पाहतो. आता तरी ये आमच्या बाजूनं."

"काका, आता तर बिलकुल नाही. परवा मी ऐकीव बोलत होते. आता माझ्या अंगावर आलंय. बैठक कधी आहे?"

"रविवारी. काऊन?"

"मी येतेय. या वेळी सत्कार नको, फक्त माइक द्या."