छाट माझ्यासमोर मोडा

माझा धाकटा भाऊ आमदार झाला त्याला बरीच वर्षं झाली, पण निपाणीतल्या आमच्या गल्लीत अजून कुणी त्याला साहेब म्हणत नाही. अण्णाच म्हणतात. अरे-तुरे मात्र मी एकटीच करते, कारण थोरली आहे आणि तोंडानं फटकळ आहे.

आम्ही बिड्या वळणाऱ्या. मांडीवर सूप, सुपात पान-तंबाखू, दिवसभर मान खाली. संध्याकाळी कारखान्यात माल घेऊन गेलं की चेकर मूठमूठ बिड्या बाजूला काढायचा, "छाट" म्हणायचा. छाट म्हणजे नापास. तिची मजुरी नाही. बरं, नापास तर नापास, पण त्याच बिड्या पुढं बाजारात विकायला जायच्या, हे साऱ्या जगाला ठाऊक! बोलायचं कुणी नाही. चेकरशी वाकडं घेतलं की दुसऱ्या दिवशी पानं कुजकी पदरात पडायची.

अण्णानं पहिला संप केला तो ह्यावर. मजुरी वाढवा म्हणालाच नाही. म्हणाला, "छाट काढा, पण आमच्यासमोर मोडा." मालक हसला. आम्ही कारखान्याच्या दारात बसलो, नऊ दिवस. दहाव्या दिवशी चेकरनं माझ्या डोळ्यांदेखत मूठभर बिड्या मोडून पाटीत टाकल्या. आणि काय सांगू, तेव्हापासून छाट निम्म्यावर आली! मोडायची म्हटल्यावर मालकाच्याच पोटात दुखायला लागलं. त्या जोरावर अण्णा नगरपालिकेत गेला, मग आमदार झाला. कानडीत झकास भाषण ठोकतो आता. मला अभिमान होता, खोटं कशाला बोलू?

गेल्या वर्षी मालकानं आमच्या गल्लीतलं काम बंद करून ते कोगनोळी नाक्यापलीकडं, महाराष्ट्रात न्यायचं ठरवलं. गुडघे गेलेल्या, साठीला टेकलेल्या बायका रोज तिकडं कशा जाणार? आणि ह्या वयात दुसरं काम देतंय कोण? काम इथंच ठेवा, अशा अर्जावर सगळ्यांनी सह्या, अंगठे केले आणि मला पुढं घातलं. "तू भैण हैस त्याची. तुला न्हाय म्हणंल व्हय?"

बेळगावला त्याच्या हापिसात गेले, तर आतल्या खोलीतून मालकच बाहेर आला. "आक्का, बऱ्या हाय न्हवं?" म्हणाला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

अण्णानं अर्ज दोनदा वाचला. मग टेबलाचा खण उघडला. आत असलेच अर्ज गच्च भरलेले.

"बघतो गं आक्का."

"काय बघतोस? काम ऱ्हाणार का जाणार?"

"नाक्यापलीकडं माझं काय चालत न्हाय."

"आणि अलीकडं?"

त्यानं खण लोटून बंद केला. मग हळूच म्हणाला, "निवडणुकीला गाड्या मालकाच्याच हुत्या."

माझं डोकं सणकलं. "मग छाट म्हण की रं! छाट म्हण, आणि फाड माझ्यासमोर. खणात टाकू नगंस."

त्यानं अर्ज दोन्ही हातांत धरला. मला वाटलं, फाडतोय आता. पहिलाच अंगठा आमच्या शेजारणीचा होता. संपाचे नऊ दिवस तिनंच त्याला भाकरी आणून दिली होती. त्यानं त्या अंगठ्यावरनं बोट फिरवलं. "हुईना गं आक्का," म्हणाला, आणि एवढा मोठा आमदार माझ्यासमोर रडला. मला कीवही आली आणि संतापही. पण मी तरी काय करणार होते? अर्ज त्याच्या हातातून काढून घेतला, पिशवीत घातला आणि निपाणीची बस धरली.

गल्लीच्या तोंडाशी बायका उभ्याच होत्या. शेजारीण पुढं आली.

"काय म्हणाला गं अण्णा?"

बसमध्ये ठरवलं होतं, खरं काय ते सांगायचं आणि अर्ज सगळ्यांसमोर फाडायचा. पिशवीत हातही घातला.

"बघतो म्हणालाय," मी म्हणाले.

"बघा, म्हटलं न्हवतं?" ती बाकीच्यांकडं वळून म्हणाली. "आपला माणूस हाय त्यो." आणि माझ्यासाठी चहा टाकायला घरात गेली.