वाढदिवसाला गावाबाहेर

काही वर्षं आमचे हे स्वतःच्या वाढदिवसाला घरी थांबतच नसत. सोलापुरात संक्रांतीची गड्ड्याची यात्रा उठली, पाळणे सुटून ट्रकवर चढले, की आठवड्याभरात यांचा वाढदिवस येतो. त्या दिवशी सकाळी नुसता चहा घेऊन आम्ही दोघं गाडी काढायचो. कुठंतरी जवळपास एक रात्र राहायचं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत. यांचं पंप आणि मोटारींचं दुकान आहे. मुक्काम आणखी एक दिवस वाढवू म्हटलं की यांना लगेच कुणाची तरी जळालेली मोटार आठवते, त्यामुळे तो विषय मी सोडून दिला.

नात्यात यावरून आमची भरपूर थट्टा व्हायची. आमच्या जाऊबाई वरच्या मजल्यावर राहतात. आम्ही निघालो की त्या गॅलरीत येऊन विचारणार, "निघाला का जोडा?" पुण्याची आमची मुलगी फोनवर म्हणायची, "आई, बाबा एवढे रोमँटिक कधी झाले?" मी हसून वेळ मारून न्यायची. पन्नाशी ओलांडलेल्या, अंथरुणात पडल्यावरही पाइपांचे भाव सांगणाऱ्या माणसाला एकाएकी पालवी फुटत नाही, हे मला कळत होतं. हे का बाहेर पडतात तेही कळत होतं. आम्ही त्यावर कधी बोललो मात्र नाही.

आमच्या घरात वाढदिवस म्हणजे ओवाळणं. पाट मांडायचा, भोवती रांगोळी काढायची, ज्याचा वाढदिवस त्यानं टोपी घालून बसायचं. ओवाळून होईपर्यंत चहाखेरीज पोटात काही जाता कामा नये. मग गव्हाची हुग्गी, म्हणजे तुम्ही खीर म्हणाल तिला, वर तुपाची धार. सासरे होते तोवर यांना आधी सासूबाई ओवाळायच्या, मग जाऊबाई, मग मी. लेकाचे केस पिकले तरी पहिला मान आईचा. सासूबाईंना आम्ही सुना अत्ती म्हणतो आणि हे अव्वा म्हणतात. आमच्या घरात कानडी-मराठीची अशी सरमिसळ आहे, भांडण मात्र मराठीत होतं.

सासरे गेले. त्यानंतरच्या वाढदिवसाला अत्तींनी नेहमीसारखंच पहाटे उठून गहू शिजत घातले. स्वतःच्या हातानं वाती वळल्या, ताट लावलं, निरांजन पेटवलं. आणि ते पेटलेलं ताट जाऊबाईंच्या हातात देऊन त्या स्वयंपाकघराच्या दारामागे जाऊन उभ्या राहिल्या. चौकटीला धरलेली बोटं तेवढी बाहेर दिसत होती. हे पाटावर बसून त्या बोटांकडे बघत होते. त्या दिवशी यांनी हुग्गी परत मागून घेतली नाही, आणि हुग्गी एकदाच खाणारा माणूस हा नव्हे.

पुढच्या वर्षी वाढदिवसाच्या आदल्या दिवशी हे म्हणाले, "उद्या विजापूरला जाऊ." मी बॅग भरली.

मला राग येतो, आणि आला की मी तो गिळत नाही. मी आधी जाऊबाईंकडे गेले. म्हटलं, नवरा गेला म्हणून आईनं लेकाला ओवाळायचं नाही, हा कुठला न्याय? त्या म्हणाल्या, "रीत हाय ती. तू आन् मी मोडून काय मिळणार?" मग मी त्यांच्याशी बोलणं टाकलं, ते फोडणीला कढीपत्ता संपेपर्यंत टिकलं. कढीपत्त्याचं झाड त्यांच्या कुंडीत आहे.

शेवटी मी अत्तींनाच गाठलं. त्या कडक भाकरी डब्यात रचत होत्या. मी म्हटलं, "अत्ती, तुम्हीच ओवाळा की. आपल्यात हे असलं काही नाही, तुम्हालाही माहीत आहे."

"मला बी ठाव हाय," त्या म्हणाल्या. "आपल्या धर्मात असलं काय न्हाय."

"मग?"

"मग काय? माझा हात लागला आन् त्याला कायतर झालं, तर मी कुणाला जाब इचारू?"

रीतीशी मला भांडता येतं. पण ही बाई स्वतःच्या लेकाच्या जिवाला भीत होती आणि ती भीती मी कशी काढणार? नवरा गेल्यापासून आपल्याच हाताला काहीतरी चिकटलंय असं तिच्या मनानं घेतलं होतं. मला तिचा राग आला आणि रडूही आलं. मी भाकरी रचू लागले.

गंमत म्हणजे केकचं तसं नव्हतं. आम्ही परत आलो की संध्याकाळी सगळं घर जमून केक कापायचं. केकला कुठली रीत चिकटलेली नाही, त्यामुळे तिथं अत्ती सगळ्यांच्या पुढे. "अंडं न्हाय न्हवं ह्यात?" एवढी खात्री करून घेतली की पहिला तुकडा त्याच लेकाच्या तोंडात कोंबायच्या, पार मिशीला क्रीम लागेपर्यंत. टाळ्या वाजवायच्या. हेही हसायचे. एक दिवस टळला की घर पुन्हा नीट चालायचं.

टाळायच्या त्या दिवशी आम्ही बरंच काही बघून घेतलं. विजापूरला गोलघुमटाच्या सज्जात हे या बाजूला, मी त्या बाजूला. भिंतीला तोंड लावून कुजबुजलं की पलीकडच्याला ऐकू जातं म्हणतात. पोरांच्या आरडाओरड्यातून मला पलीकडून यांचा आवाज आला, "शटरला कुलूप लावलं होतं का गं मी?" उजनीच्या पाण्यावर थंडीत गुलाबी पाखरं येतात, तीही पाहून झाली. नावेत बसल्यावर नाववाल्यानं विचारलं, काय करता? मोटारींचं दुकान म्हटल्यावर त्यानं नावेचं इंजिनच यांच्या पुढ्यात ठेवलं. आमची पाखरं त्या दिवशी मी एकटीनंच पाहिली.

माझ्याकडे स्टीलचा एक छोटा डबा होता. त्यात माहेरून आलेलं बोटभर उंचीचं पितळी निरांजन, तुपात भिजवलेल्या वाती, कुंकू, अक्षता, सुपारी आणि काडेपेटी. मुक्कामाला पोचलो की आधी मी यांना लॉजच्या खाटेवर बसवून ओवाळायची, मग नाष्टा. विजापूरला निरांजन लावलं आणि पंखा बंद करायचा विसरले, तर वात तीनदा विझली. हे म्हणाले, "देवाला मी नकोय बहुतेक." मी म्हटलं, "गप बसा, टोपी सरळ करा."

हा डबा मी अत्तींपासून लपवला होता. आपण दारामागे उभं राहायचं आणि सून लेकाला परगावी नेऊन ओवाळते, हे त्यांना कळलं तर काय वाटेल? म्हणून मी तो कपाटात साड्यांच्या मागे ठेवायची.

एका वर्षी आम्ही नळदुर्गला निघालो होतो. जवळच, हैदराबादच्या रस्त्यावर. खरं तर तिथं मुक्कामाची गरज नव्हती, पण मुक्काम हवाच होता. निघताना गडबड झाली. अत्तींसाठी शेंगाचटणी करून मी तसल्याच दुसऱ्या स्टीलच्या डब्यात भरली होती. दात गेल्यापासून त्या भाकरी दुधात कुस्करून खातात, तरी बोटाच्या टोकावर चटणी लागतेच. एक डबा ओट्यावर ठेवला, एक पिशवीत टाकला.

लॉजवर पोचलो. हे टोपी घालून खाटेवर बसले, मी डबा उघडला, आत चटणी.

हे हसायला लागले. "चटणीनं ओवाळ. सोलापूरची आहे, चालतंय."

मला हसू आलं नाही. निरांजन बाजारात दुसरं मिळालं असतं, त्याचं काही नव्हतं. मला ओट्यावरचा डबा दिसत होता. "अत्ती जेवायला बसतील," मी म्हटलं. "चटणी म्हणून डबा उघडतील."

यांचं हसू गेलं. टोपी काढून खिशात कोंबली, गाडीची किल्ली घेतली. लॉजवाल्याला काय सांगितलं देव जाणे. पोटात सकाळच्या चहाशिवाय काही नव्हतं आणि एरवी मोटारीच्या हॉर्नवरून वाद घालणारा माणूस गपचूप गाडी हाणत होता.

घरी पोचल्यावर पुढचं दार वाजवलं नाही. बोळातून मागच्या दारानं आत गेलो, म्हणजे परस्पर डबा उचलता येईल. ओट्यावर डबा तसाच होता, झाकण घट्ट. तेवढ्यात मधल्या खोलीतून तुपाच्या वातीचा वास आला.

हे माझ्या पुढे होते. दारातच थांबले. मी यांच्या खांद्यावरून पाहिलं.

पाट मांडलेला होता. भोवती रांगोळी, तीही घाईची नव्हे, चारी कोपऱ्यांना कमळं घातलेली. पाटावर यांचा घरात घालायचा निळा शर्ट, सकाळी आंघोळीआधी काढून खुंटीला टांगलेला, नीट घडी करून, कॉलर वर करून ठेवला होता. त्यावर यांची जुनी टोपी. आणि अत्ती वाकून देवघरातल्या निरांजनानं त्या शर्टाला ओवाळत होत्या. ताट ठेवलं, अंगठ्यानं कुंकू घेतलं आणि खिशाच्या वर टेकवलं.

माझ्या डोक्यात एकदम लखलखलं. दर वर्षी परत आल्यावर धुण्यात या शर्टाच्या खिशाजवळ लाल ठिपका निघायचा. मी यांच्यावर ओरडायची, देवळातून आल्यावर हात शर्टाला पुसता म्हणून. हे म्हणायचे मी नाही पुसला, आणि मला वाटायचं, पुरुष काय, कबूल थोडेच करणार?

अत्तींना चाहूल लागली. वळून बघितलं आणि चेहरा पांढरा पडला. "परत का आलाय रं? काय झालं? तुला काय झालं?"

"काय न्हाय अव्वा. डबा राहिला हुता."

"डब्यापायी येवढ्या लांबनं?" मग त्यांच्या लक्षात आलं की आम्ही पाटाकडे बघतोय. पदर तोंडाला लावून त्या भिंतीशी सरकल्या. म्हणाल्या, "तू दर वर्साला बिन ओवाळता जातूस. तितं तुला कोण ओवाळणार? मला करमत न्हाय. माझा हात तुला नगं, पर शर्टाला काय हुतंय? शर्टाला काय हुत न्हाय."

मी सांगणार होते, मी ओवाळते म्हणून. तेवढ्यात लक्षात आलं, आम्ही दोघी एकाच माणसासाठी एकमेकींपासून वाती लपवत होतो.

यांनी टोपी उचलून डोक्यावर ठेवली. पाटावरचा शर्ट घेतला, झटकला, आणि अंगातल्या इस्त्रीच्या शर्टावरच चढवला. तो काही नीट बसेना, पोटावर बटण लागेना. तसेच मांडी घालून पाटावर बसले.

"शर्टालाच ओवाळतीस न्हवं?" हे म्हणाले. "ओवाळ. मी नुसता मधी बसलोय."

अत्ती हलल्या नाहीत. ताट मी उचलून देणार नव्हते, जाऊबाईंना हाक मारणार नव्हते. मी तिथंच उंबऱ्यावर बसले.

"अव्वा, भूक लागलीय," हे म्हणाले.

ते ऐकून मात्र त्या आल्या. लेक उपाशी आहे म्हटल्यावर त्यांच्या भीतीला तेवढी जागा उरली नसावी. दोन्ही हातांनी ताट धरलं. नजर त्यांनी शर्टाच्या खिशावर ठेवली होती, तोंडाकडे बघायचं टाळत होत्या. एकदा ओवाळलं, दोनदा ओवाळलं. तिसऱ्यांदा ताट वर गेलं ते तोंडापर्यंत गेलं आणि नजरही गेली. मग दोन्ही हात यांच्या कानशिलांवरून उतरवून त्यांनी स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. ती इतक्या जोरात मोडली की मला उंबऱ्यावर ऐकू आली. हे शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत होते आणि मी काही बोलले नाही, तो शर्ट नाहीतरी धुवायचाच होता.

हुग्गी केलेली नव्हती. आम्ही तिघांनी भाकरी खाल्ली, नळदुर्गाहून परत आलेल्या चटणीबरोबर.

त्यानंतरच्या वाढदिवसाला आम्ही घरीच थांबलो. मुलगी पुण्याहून आली, जाऊबाई खाली आल्या. पाट मांडला. हे आंघोळ करून नव्या शर्टात बाहेर आले, खुंटीवरचा निळा शर्ट काढला, त्यावर चढवला आणि बसले. अत्ती ताट घेऊन पुढे झाल्या.

जाऊबाईंनी आधी ताटाकडे बघितलं, मग शर्टाकडे. "हे दोन शर्ट कशाला? हे काय नवीन?"

अत्तींनी वात सारखी केली. "रीत हाय ती," त्या म्हणाल्या.